रुपरावांचे सहा बेचाळीस

नागपूरची वेळ कोण ठरवतं, असं एकोणीसशे बहात्तर साली कुणाला विचारलं असतं, तर कुणी मिलच्या भोंग्याचं नाव घेतलं असतं, कुणी रेडिओचं, आणि माणूस फारच भाविक असेल तर देवाचं. रुपराव चाफल्यांचं नाव कुणीच घेतलं नसतं, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं. रुपरावांची त्याबद्दल तक्रार नव्हती. आपल्याशिवाय हे शहर पाच मिनिटंसुद्धा सरळ चालणार नाही, एवढं त्यांना स्वतःला ठाऊक होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

रुपराव टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक. पण बावीस वर्षांत बाकीची कामं एकेक करून गळाली आणि त्यांच्याकडे एकच उरलं, घड्याळं. शहरातले सगळे फोन एकमेकांना जोडणारी यंत्रं जिथे दिवसरात्र खडखडत असत, त्या खोलीला स्विच रूम म्हणत. तिच्या भिंतीला सागवानी पेटीत एक पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ होतं. हे मोठं घड्याळ. त्याच्यातून निघालेल्या तारा इमारतभर पसरलेल्या चौदा लहान घड्याळांना जाऊन मिळत. दर अर्ध्या मिनिटाला मोठं घड्याळ तारेतून एक ठोका पाठवी आणि चौदाही घड्याळांचे काटे एका दमात खट् करून पुढे सरकत. ट्रंक कॉलवर बसणाऱ्या बायका त्या काट्यांकडे बघून तीन मिनिटं मोजायच्या, साहेब त्यांच्याकडे बघून उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल खूण करायचे, आणि कॅन्टीनवाला त्यांच्याकडेच बघून भज्यांचं पीठ कालवायला घ्यायचा.

रोज सकाळी आठला रेडिओवर बातम्यांच्या आधी पीप-पीप वाजे. शेवटचा पीप म्हणजे बरोबर आठ. त्या पीपला रुपराव मोठ्या घड्याळापुढे ट्रान्झिस्टर कानाला लावून उभे असत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. घड्याळ अर्धा सेकंद मागे पडलं असेल तर रुपरावांचा चेहरा असा होई की नव्या माणसाला वाटावं, यांच्या घरी कुणी आजारी आहे.

मग उपचार सुरू होई. काटा हातानं पुढे ढकलणं हा रुपरावांच्या मते अडाण्यांचा धंदा होता. लंबकाच्या मध्यावर बोटभर रुंदीची एक पितळी तबकडी होती. तिच्यावर बारीक वजन ठेवलं की लंबक किंचित भरभर हलतो, काढलं की सावकाश. गोऱ्या साहेबाच्या देशातून घड्याळासोबत आलेली वजनं रुपराव नोकरीला लागायच्या आधीच गहाळ झाली होती. नवी मागवायला अर्ज केला, अर्ज दिल्लीला गेला आणि तिकडेच रमला. तेव्हा रुपरावांनी ज्वारीचे दाणे लावून पाहिले, तुरीचे लावून पाहिले, सुपारीचं खांड लावून पाहिलं, आणि दीड वर्षानं त्यांना सापडला तो चिंचोका. एक चिंचोका ठेवला की घड्याळ दिवसाला एक सेकंद पुढे जातं. अगदी मापून. एक्स्चेंजच्या मागच्या चिंचेचेच चिंचोके लागत. बाहेरचे चालत नसत. पावसाळ्यात चिंचोके दमट होऊन जड होतात, म्हणून त्या चार महिन्यांसाठी वेगळे, चुन्याच्या डबीत ठेवलेले.

एकदा दिल्लीहून तपासणीला एक इंजिनिअर आला. सरकारी घड्याळाच्या पोटात चिंचोके बघून त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं ते सगळे काढायला लावले. तिसऱ्या दिवशी घड्याळ नऊ सेकंदांनी मागे पडलं. चौथ्या दिवशी इंजिनिअरनं रुपरावांना बोलावून ते परत ठेवायला सांगितलं आणि आपल्या अहवालात ‘स्थानिक वजने समाधानकारक’ असं लिहिलं. त्या कागदाची नक्कल रुपरावांनी चौकट करून घरी, देवाच्या फोटोच्या शेजारी लावली. देव थोडा डावीकडे सरकवावा लागला.

घर इतवारीत, भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत. सकाळी बरोबर सव्वासातला रुपरावांची सायकल गल्लीतून निघे. दुकानदार त्या वेळी कुलपं उघडत. रुपराव निघाले म्हणजे सव्वासात, एवढा हिशेब गल्लीला पुरे होता. बायको तुळसाबाई. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी आपण दारात तयार उभं राहण्यात काढली, असं त्या म्हणत. आणि एकुलती एक मुलगी शोभा, शाळेत मास्तरीण, वय सत्तावीस.

सत्तावीस हा आकडा तुळसाबाईंच्या घशात अडकलेला होता. मुलगी देखणी, शिकलेली, कमावती, शांत. अडचण तिच्या बापाची होती. पहिलं स्थळ वर्ध्याचं. चार वाजता यायचे ते चार चाळीसला आले. रुपरावांनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की मुलगी दाखवण्याची वेळ चारची होती, ती संपली. दुसरं स्थळ काटोलचं. ते वेळेवर आले, रुपराव खुलले. पण बोलता बोलता मुलाचा मामा सांगून गेला की आमच्या घरचं घड्याळ आम्ही दहा मिनिटं पुढेच ठेवतो, म्हणजे कधी उशीर होत नाही. रुपरावांनी हातातली बशी खाली ठेवली. जे घर रोज सकाळी उठून स्वतःशीच खोटं बोलतं, त्या घरात मी मुलगी देणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. तिसरं स्थळ भंडाऱ्याचं. ते आलेच नाहीत. पत्रिकेत जन्मवेळ पाच वाजून सतरा मिनिटं त्रेचाळीस सेकंद अशी लिहिलेली पाहून, असा सासरा जन्मभर परवडायचा नाही हे त्यांनी ओळखलं असावं.

तिन्ही वेळा शोभानं काही म्हटलं नाही. पोह्यांच्या बशा उचलल्या, नवी साडी घडी करून ठेवली आणि ती वह्या तपासायला बसली. रुपरावांना वाटे, पोरीला आपलं पटतं. बापांना असं काहीही वाटू शकतं.

चौथं स्थळ सावनेरचं आलं, तेव्हा तुळसाबाईंनी आदल्या रात्रीच सुनावलं, “यावेळी तुम्ही घड्याळाचं नाव काढलं तं मी ते भिंतीवरचं घड्याळ शुक्रवारी तलावात नेऊन टाकीन. अन् त्याच्या मागं मीही जाईन.”

रुपरावांनी कबूल केलं. पण दुसऱ्या दिवशी पावणेचारपासून ते खिडकीत होते. तीन चोपन्नला समोरच्या कडुनिंबाखाली बंद गळ्याचा कोट घातलेले एक बुटके गृहस्थ येऊन उभे राहिले. सोबत एक उंच मुलगा आणि दोन बायका. गृहस्थांनी मनगट पाहिलं आणि सगळ्यांना थांबायची खूण केली. सहा मिनिटं ती माणसं उन्हात उभी. चार वाजता, म्हणजे रुपरावांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा पहिला ठोका पडत असताना, दाराची कडी वाजली. मुलगा आंधळा असता तरी त्यांनी होकार दिला असता.

ते गृहस्थ म्हणजे देवराव गिरडकर, सावनेरचे स्टेशनमास्तर. सावनेरहून जाणारी गाडी अरुंद रुळांची, छोट्या लाइनची. ती दोन-दोन तास उशिरा येई. पण नेमकी किती उशिरा आली, हे देवराव सेकंदापर्यंत सांगू शकत. रेल्वेच्या तारेवरून रोज दुपारी चारला सगळ्या स्टेशनांना वेळेचा इशारा येतो. त्या इशाऱ्याला देवराव स्टेशनचं घड्याळ मिळवत, ते सव्वीस वर्षं, गावात असले तर एक दिवस न चुकता. रजेवर असले तरी पावणेचारला चप्पल घालून स्टेशनवर जात.

दोघांनी एकमेकांची मनगटं पाहिली, आणि घात झाला. देवरावांचं घड्याळ रुपरावांच्या घड्याळापेक्षा दोन सेकंद पुढे होतं. देवराव म्हणाले, रेल्वेची वेळ ती खरी. रुपराव म्हणाले, रेल्वेला वेळ कोणत्या तारेवरून मिळते? तारा टेलिफोनच्याच. देवराव म्हणाले, गाड्या तुमच्या फोनवर चालत नाहीत. रुपराव म्हणाले, त्या चालतात हे आजच कळलं. तुळसाबाई आतून भांडी आपटून इशारे देत होत्या, पण दोघांनाही ते ऐकू येत नव्हतं. असे दोन तास गेले. सहाच्या बातम्यांना रेडिओ लावला, श्वास रोखून पीप ऐकला, आणि निघालं असं की दोघंही चुकले होते. रुपराव एक सेकंद मागे, देवराव एक सेकंद पुढे. दोघं एकमेकांकडे पाहून इतके हसले की शेजारी डोकावून गेले.

तेव्हा कुठे कुणाच्या तरी लक्षात आलं की मुलगी पाहायची राहिली. पाहिलं तर पोह्यांची ताटली घेऊन शोभा दीड तासापूर्वीच बाहेर आली होती आणि देवरावांचा मुलगा गिरिधर, तोही सावनेरच्या शाळेत मास्तर, तिच्याशी सातवीच्या गणिताच्या पुस्तकातल्या चुकांवर बोलत होता. दोघांचे पोहे संपले होते. लग्न ठरायला आणखी काही लागलं नाही.

इथे एखाद्या शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, चाळीस पाहुण्यांसमोर, दोन्ही व्याही एकमेकांच्या प्रेमात असे वाहवत गेले की त्यांनी पैज घ्यावी तसा शब्द दिला. मुहूर्त निघाला होता सतरा मे, संध्याकाळी सहा बेचाळीस. आपल्याकडे सहा बेचाळीसचं लग्न आठला लागतं, भटजी घड्याळाकडे पाठ करून उभे राहतात, आणि वरात बँडवाल्याच्या मर्जीनं येते. हे आपण मोडायचं, असं दोघांनी जाहीर केलं. मुहूर्ताचं मिनिट टळलं तर अंतरपाट धरायचा नाही. लग्न थांबवायचं आणि पुढच्या मुहूर्ताला, एकोणीस दिवसांनी लावायचं. रुपराव म्हणाले, शब्द. देवराव म्हणाले, शब्द. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तुळसाबाईंनी वाजवल्या नाहीत.

लग्नपत्रिकेत वेळ छापली, सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटे ०० सेकंद. आणि लोक जिथे ‘आहेर आणू नये’ असं छापतात, तिथे रुपरावांनी छापलं, ‘कृपया घड्याळे मिळवून यावे’.

सतरा मे उजाडला तो भट्टीसारखाच. रुपराव लग्नाच्या दिवशीही सकाळी ऑफिसात जाऊन आठचा पीप ऐकून आले. तिथून येताना त्यांनी मनगटी घड्याळ मिळवलं, त्यावरून भिंतीवरचं मिळवलं, आणि ते घरचं घड्याळ काढून मंडपात, बोहल्याच्या वरच्या खांबाला, सगळ्यांना दिसेल असं टांगलं. मंडप समाजाच्या सभागृहापुढच्या पटांगणात. वऱ्हाड दुपारच्या गाडीनं येऊन इतवारी स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलं होतं. तिथून मंडप पायी दहा मिनिटांवर. देवरावांनी वरात पाच पंचावन्नला काढायची ठरवली होती, म्हणजे नाचायला वीस मिनिटं. त्यांनी खिशातून हिरवं निशाण काढून बँडवाल्याला निघायची खूण केली, असं नंतर लोक सांगत.

सव्वासहाला पाहुणे येऊन बसले होते. सगळे वेळेवर. जो तो एकदा मनगटाकडे आणि एकदा खांबावरच्या घड्याळाकडे पाही आणि समाधानानं मान हलवी. रुपराव नवा फेटा बांधून दारात उभे होते. आयुष्यात इतकं सुख त्यांना कधी झालं नव्हतं. लांबून बँड ऐकू येत होता.

सहा पंचविसला बँड ऐकू येत होता तो तिथूनच. सहा तीसलाही तिथूनच. सहा पस्तीसला बँड थांबला.

सहा अडतीसला देवराव आले. एकटे. घामानं निथळलेले, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ते तडक रुपरावांपुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मी आलो. मी शब्द देला होता.”

“नवरदेव?” रुपरावांनी विचारलं.

देवरावांनी मागे हात केला. भांड्यांच्या बाजाराच्या तोंडाशी पितळी गुंडांनी भरलेला एक हातठेला उलटला होता. पाण्याचे ते मोठाले गुंड घरंगळत गल्लीभर गेले होते. समोरून टेम्पो आला, मागून दुसरा ठेला. वरात अडकली. देवरावांनी शिटी वाजवून पाहिली, निशाण दाखवून पाहिलं. गल्ली काही रेल्वेची नव्हती. शेवटी घड्याळात सहा एकतीस झाले तेव्हा त्यांना राहवेना. उशीर होऊन राहिला, हे एकच त्यांच्या डोक्यात. ते वरातीतून निघाले, माणसांमधून वाट काढत, गुंड ओलांडत, आणि स्वतःच्या मुलाला घोड्यावर सोडून स्वतः मुहूर्ताला वेळेवर हजर झाले.

हे ऐकून तुळसाबाई खांबाला टेकून बसल्या. रुपरावांना मात्र ते पूर्णपणे समजलं. त्यांनीही हेच केलं असतं.

सहा बेचाळीस झाले. मंडपातल्या दोनशे माणसांनी ते पाहिलं. भटजी होते, करवल्या होत्या, अक्षता वाटून झाल्या होत्या, दोन्ही व्याही आपापल्या मनगटाकडे बघत शेजारी शेजारी उभे होते. नवरदेव नव्हता. काटा पुढे सरकला. कूलरमधलं पाणी टपटपत होतं.

सहा अठ्ठेचाळीसला बँड पुन्हा वाजायला लागला आणि गिरिधर आला. घोड्यावरून नाही, पायी, धावत. मुंडावळ्या कानामागे सरकलेल्या, धोतराला धूळ, कोपराला खरचटलेलं. तो थेट रुपरावांच्या पाया पडला आणि म्हणाला, “माफ करा बाबा. ठेलेवाला म्हातारा एकटाच गुंड वेचून राहिला होता. म्हणून मी उतरलो.”

रुपरावांच्या डोक्यात गेली दहा मिनिटं राग गोळा होत होता. आता तो कुणावर काढायचा, हेच त्यांना कळेना. मुलगा असाच हवा होता. घोड्यावरून उतरून म्हाताऱ्याचे गुंड वेचणारा. आणि वेळ निघून गेली होती.

भटजींकडे घड्याळ नव्हतं. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारूनच लग्नं लावली होती. त्यांनी घसा साफ करून विचारलं, “किती झाले?”

साधा प्रश्न. असा प्रश्न रोज शंभर लोक विचारतात आणि शंभर लोक काहीही उत्तर देतात. पण हा प्रश्न रुपराव चाफल्यांना विचारला होता, आणि मंडपातली दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. साक्षगंधाला टाळ्या वाजवणारे चाळीस त्यांत होतेच.

देवराव हळूच म्हणाले, “वेळ तं गेली, रुपरावजी. आपण दोघांनी शब्द देला होता. मी काय म्हणू?” त्यांचा आवाज बसला होता. त्यांना हे लग्न मोडायचं नव्हतं, एवढं कुणालाही दिसलं असतं. पण सव्वीस वर्षं चारच्या इशाऱ्याला उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळं काही बोलताच येत नव्हतं.

रुपरावांनी तोंड उघडलं. सहा एकोणपन्नास, हे शब्द जिभेवर आलेले होते. बावीस वर्षांत त्यांनी खोटी वेळ कुणाला सांगितली नव्हती. साहेबाला नाही, इंजिनिअरला नाही, बायकोला तर नाहीच.

तेवढ्यात त्यांचं लक्ष बोहल्याकडे गेलं. शोभा पाटावर उभी होती. ती रडत नव्हती. बापाकडे बघतही नव्हती. तिनं हातातली माळ खाली ताटात नीट ठेवली, आणि दोन्ही हात डोक्यामागे नेऊन ती मुंडावळ्यांची गाठ सोडायला लागली. शांतपणे, घाई न करता. पोह्यांच्या बशा उचलाव्यात तशी. बापाचं उत्तर काय येणार हे तिला माहीत होतं, आणि त्या उत्तराची सवयही तिला होती. गाठ पक्की होती, लवकर सुटेना.

पोरीला आपलं पटत नव्हतं, कधीच पटलं नव्हतं. ती फक्त आवरून ठेवत आली होती. वर्ध्याच्या वेळी, काटोलच्या वेळी, आणि आता दोनशे माणसांसमोर. हे त्यांना आज, सहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी कळलं. शहरातला प्रत्येक सेकंद मोजणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळायला सत्तावीस वर्षं लागली.

ते बोहल्याकडे गेले. कोपऱ्यातलं उंच स्टूल त्यांनी खांबाखाली ओढलं आणि मागे वळून म्हणाले, “देवरावजी, स्टूल धरता का?”

देवरावांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. मग त्यांनी पुढे येऊन, कोटाच्या बाह्या वर करून, दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

रुपराव वर चढले. त्यांनी काचेचं दार उघडलं. काटा उलटा फिरवू नये, यंत्राला ते सोसत नाही, असं त्यांनी जन्मभर लोकांना बजावलं होतं. त्यांनी बोट मिनिटकाट्यावर ठेवलं आणि तो मागे न्यायला सुरुवात केली. सेहेचाळीस. चव्वेचाळीस. बेचाळीसवर ते थांबले.

खालून देवराव दबक्या आवाजात म्हणाले, “बेचाळीसवर काहून थांबून राहिले? मंगलाष्टकं व्हाले सात मिनिटं लागते. पस्तीसवर न्या.”

रुपरावांनी पस्तीसवर नेला. मग तिथेच स्टुलावर उभ्या उभ्या त्यांनी आपलं मनगटी घड्याळ काढून तेही मागे घेतलं. चूक करायची तर निदान सगळीकडे एकसारखी असावी, एवढा त्यांचा कटाक्ष. देवरावांनी एका हातानं स्टूल धरून दुसऱ्या मनगटाची चावी दातांनी ओढली. दोघांनी मनगटं शेजारी धरली, एक सेकंदाचा फरक होता, तो मिळवला. आणि रुपरावांनी मंडपाकडे वळून, एक्स्चेंजमध्ये मोठ्या साहेबांना सांगावं त्या आवाजात सांगितलं, “सहा पस्तीस.”

मग पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या काकांनी आपल्या घड्याळाकडे पाहिलं, जीभ चावली आणि चावी फिरवायला घेतली. त्यांच्या शेजारच्यानं घेतली. टेलिफोनचे रुपराव आणि रेल्वेचे देवराव जी वेळ सांगतात, तिच्यापुढे आपल्या मनगटावरच्या घड्याळाची काय पत्रास? आणि पत्रिकेत छापलंच होतं. पाहता पाहता सगळ्या मंडपात चाव्या फिरण्याचा बारीक किरकिराट झाला. भटजींनी मोठ्यानं विचारलं, “मग धरू अंतरपाट?” आणि उत्तराची वाट न बघता धरला.

शोभाचे हात अजून डोक्यामागे होते. तिनं बापाकडे पाहिलं. मग गाठ होती तशी घट्ट केली आणि ताटातली माळ उचलली.

सहा बेचाळीसला, म्हणजे नागपूरच्या एका मंडपातल्या सहा बेचाळीसला, अक्षता पडल्या. सेकंदाला सेकंद. असा वेळेवर लागलेला मुहूर्त इतवारीनं त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडाची परतीची गाडी सात दहाची होती. दोन्ही घरची माणसं सात वाजता, ठरल्याप्रमाणे, रमतगमत स्टेशनवर आली. फलाटावरच्या घड्याळात सात चौदा झाले होते. देवराव जागच्या जागी थिजले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ते गाडीला उशिरा कधी आले नव्हते. पण छोट्या लाइनची गाडी शहाणी. ती फलाटाला उभी होती, आणि ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. देवरावांनी त्याला दुसरा चहा पाजला.

शोभा खिडकीशी बसली. तुळसाबाई तिच्या हातात हात देऊन मनसोक्त रडत होत्या. रुपराव जरा मागे, हात पाठीशी बांधून उभे होते. वेळ सोडून कशावर बोलायची त्यांना सवयच नव्हती. शोभानं त्यांना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, “बाबा, माळ घातली तेव्हा खरे किती झाले होते?”

रुपरावांनी आधी देवराव कुठे आहेत ते पाहिलं. ते गार्डाशी बोलत होते. मग रुपराव खिडकीशी वाकले. “सहा छप्पन्न.”

शिटी झाली. गाडी हलली. रुपराव दोन-तीन पावलं सोबत चालले आणि म्हणाले, “अन् बावीस सेकंद.”

शोभा हसली. रडता रडता इतकी हसली की शेजारी बसलेला गिरिधर घाबरून उभा राहिला. गाडी फलाटाबाहेर जाईपर्यंत ते हसणं रुपरावांना ऐकू येत होतं. लहानपणी ती असंच हसायची. मधल्या काळात ते कधी बंद झालं, याची त्यांच्याकडे कुठेच नोंद नव्हती.

फलाट रिकामा झाला. रुपराव बाकावर बसले. तुळसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “साडेसात होऊन राहिले. आठच्या पीपले जाता न?”

“आज राहू दे,” रुपराव म्हणाले. “बस वं जराशी.”